इंटरनेटचे पैसे भाड्यातच धरा

हॉटेल-रिसॉर्टमध्ये इंटरनेटसाठी पाहुण्यांकडून वेगळे पैसे घेणे योग्यच, असे मांडणारा रविवारच्या पुरवणीतील लेख वाचला. ‘जो वापरेल, तो भरेल’ हे तत्त्व कपडे धुण्याला किंवा जेवणाला लागू पडते, कारण तिथे दर पाहुण्यामागे खर्च वाढतो. इंटरनेटच्या जोडणीचे भाडे मात्र खोल्या भरल्या काय, रिकाम्या राहिल्या काय, साधारण तेवढेच पडते. मग लिफ्ट आणि गरम पाण्यासारखा हा खर्चही खोलीभाड्यात का धरू नये?

खरा राग पैशांपेक्षा लपवालपवीचा येतो. मागे एका रिसॉर्टमध्ये किल्लीबरोबर पासवर्डची चिठ्ठी हाती आली. तो एकाच फोनवर चालणार आणि चोवीस तासांनी बंद होणार, हे मागच्या बाजूला बारीक अक्षरांत. लॅपटॉपसाठी पुन्हा पैसे. खोली आरक्षित करताना यातले अक्षरही कुठे नव्हते.

या कमाईची चटक कुठवर नेते, हे अमेरिकेत दिसलेच आहे. नॅशव्हिलमधील एका हॉटेलात परिषदेला आलेल्यांचे स्वतःचे मोबाइल हॉटस्पॉट बंद पाडले जात आणि हॉटेलचे इंटरनेट एका उपकरणामागे २५० ते १००० डॉलरना विकले जाई. २०१४ मध्ये तिथल्या संघीय दूरसंचार आयोगाने मॅरियट कंपनीला त्यासाठी ६ लाख डॉलर भरायला लावले.

जादा वेगाचे जादा पैसे जरूर घ्यावेत. फक्त तो दर आरक्षणाच्या वेळीच दिसावा. ईमेल पाहणे, तिकीट काढणे एवढे तरी भाड्यात व्हायला हवे.

– एक वाचक