बोली लावायला चौघे, दाखवायला एकच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

फुटबॉलच्या थेट प्रक्षेपणाच्या हक्कांसाठी वाहिन्यांची जी चढाओढ चालते ती प्रेक्षकाच्या पथ्यावरच पडते, असं हल्ली सर्रास म्हटलं जातं. चार जण बोली लावणार, मग भाव उतरणार, असा त्यामागचा हिशेब. इंदूरच्या रामबागेत आमचा केबलचा धंदा आहे. यजमानांनी 1993 मध्ये सुरू केला, त्यांच्या मागे मी सांभाळते. महिन्याची वसुली मीच करते, त्यामुळे कोणत्या घरात काय बघतात आणि काय दिसलं नाही की कोण ओरडतं हे मला तोंडपाठ आहे. तेव्हा हा हिशेब कुठे चुकतो ते सांगण्याचा थोडा अधिकार मला आहे असं समजते.

भाजीबाजारात शेजारी बसलेल्या दोघींकडे मेथी असेल तर जुडी स्वस्त होते. हक्कांच्या बाजारात मेथी एकीलाच मिळते, आणि ती कोणाला मिळावी यासाठी आधी दोघींमध्ये लिलाव होतो. जिंकणारी लिलावात घातलेला पैसा कोणाकडून काढणार? स्पर्धा असते ती लिलाव संपेपर्यंत. सामना सुरू होतो तेव्हा दुकान एकच उघडं असतं.

इंग्लंडात हे सगळं आपल्या आधी होऊन गेलं आहे. 1992 मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हा पाच मोसमांचा सौदा 30 कोटी 40 लाख पौंडांना झाला होता. 2016 पासूनच्या तीन मोसमांसाठी स्काय आणि बीटी या दोन वाहिनी कंपन्यांनी मिळून 513 कोटी पौंड मोजले. म्हणजे मोसमाला सुमारे 6 कोटींवरून 171 कोटींवर. मध्यंतरी युरोपीय आयोगाने सांगितलं की सगळे सामने एकट्याला देता येणार नाहीत. उपाय कागदावर चांगला होता. 2007 पासून काही सामने स्कायकडे आणि काही सेटँटा या दुसऱ्या कंपनीकडे गेले, आणि ज्याला सगळे बघायचे त्याच्यावर दोन वर्गण्या भरायची वेळ आली. 2009 मध्ये सेटँटाचा ब्रिटनमधला कारभारच बुडाला. त्याआधी 2002 मध्ये आयटीव्ही डिजिटल ही टीव्ही कंपनी खालच्या विभागांतल्या क्लबांना 31 कोटी 50 लाख पौंड कबूल करून बुडाली होती. त्या पैशाच्या भरवशावर खेळाडू घेऊन बसलेल्या लहान क्लबांचे त्यात हाल झाले.

आपल्याकडची गोष्ट मी वहीतल्या नावांनिशी सांगू शकते, पण नावं छापायची नसतात. नारायण बागेकडच्या गल्लीत एक बंगाली कुटुंब आहे, त्यातल्या दादांना स्पॅनिश लीगचं भारी वेड. 2018 मध्ये ती लीग फेसबुकवर गेली, तीन मोसमांसाठी, फुकट. फुकट असूनही दादा नाराज, कारण सामना मोबाइलवर आणि टीव्ही भिंतीवर रिकामा. 2021 मध्ये ती परत टीव्हीवर आली, तीही एमटीव्ही या गाण्यांच्या वाहिनीवर! दादांनी एमटीव्ही चालू करायला सांगितलं तेव्हा त्यांच्या सूनबाई माझ्याकडे बघून हसल्या. नेमक्या त्याच महिन्यात मेस्सी बार्सिलोना सोडून पॅरिसला गेला, ते दुःख वेगळंच. पुढे मोसम बदलले तसे मालक बदलले आणि आता ती लीग ॲपवर आहे. चॅम्पियन्स लीगला सोनी, इंग्लिश लीगला जिओस्टार, आणि दर दोन-तीन वर्षांनी ही मांडणी पुन्हा विस्कटणार. वरच्या मजल्यावर कोल्हापूरची मुलं भाड्याने राहतात, ती आपापसात पासवर्ड वाटून घेतात. दादांच्या वयाच्या माणसाने काय करावं?

आता मुख्य मुद्दा. टीव्हीच्या वाहिन्यांना नियम आहे. 2004 पासून ट्राय या सरकारी नियामक संस्थेने असं ठरवून दिलं आहे की वाहिनीने सिग्नल एका वितरकाला दिला तर मागणाऱ्या दुसऱ्या वितरकालाही, भेदभाव न करता, द्यायचा. या नियमामुळेच माझ्यासारख्या लहान केबलवाल्याच्या ग्राहकाच्या घरात मोठ्या डिश कंपनीइतक्याच वाहिन्या दिसतात. फेब्रुवारी 2019 पासून प्रत्येक पे चॅनेलची किंमत जाहीर करावी लागते, आणि 19 रुपयांपेक्षा महाग वाहिनी पॅकेजमध्ये घालता येत नाही. ग्राहकाला एकच वाहिनी सुटी घेता येते. मी कित्येकांना तशी लावून दिली आहे. तोच सामना ॲपवर गेला की यातलं काहीच लागू नाही. किंमत ॲप ठरवणार, टीव्हीवर द्यायचा की नाही तेही ॲपच ठरवणार. सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचं सांगितलं. तो खटला 1993 च्या हिरो कपाच्या प्रक्षेपणावरून झाला होता, म्हणजे क्रिकेटवरून. पण दादांच्या मोबाइलला येणारा सिग्नलही हवेतूनच येतो ना?

कोणी म्हणेल, हक्क विकत घेणाऱ्यावर बंधनं घातली तर कोणी घेणारच नाही. बंधनं नसतानाही ते झालंच की. स्टार आणि व्हायकॉम18 हे पूर्वी समोरासमोर बोली लावणारे, नोव्हेंबर 2024 मध्ये एक झाले, तेच हे जिओस्टार. वर्षभराने भारताच्या फुटबॉल महासंघाने आयएसएल या आपल्या देशी लीगच्या व्यावसायिक हक्कांची निविदा काढली तेव्हा एकही बोली आली नाही. जी लीग एरवी सप्टेंबरच्या सुमाराला सुरू व्हायची तिचा मोसम रखडला आणि खेळाडू, प्रशिक्षक घरी बसून राहिले. दोन बोलीवाल्यांचा एक झाल्यामुळेच हे झालं असं मी म्हणणार नाही, महासंघाचे स्वतःचे घोळ कमी नाहीत. पण चढाओढीवर विसंबून राहिलेल्या खेळाचं चढाओढ थांबल्यावर काय होतं ते दिसलं.

माझी मागणी एवढीच आहे. भारतातले थेट प्रक्षेपणाचे हक्क जो कोणी घेईल त्याने ते खुशाल ॲपवर दाखवावेत, पण मागणाऱ्या प्रत्येक केबल आणि डिश वितरकालाही जाहीर दराने सिग्नल द्यावा. दर त्यांनी ठरवावा, पण तो सगळ्यांना सारखा असावा. मग लिलाव कितीही रंगो, दुकानं चार उघडी राहतील.

दुसरी गोष्ट दूरदर्शनची. 2007 च्या कायद्याप्रमाणे फुटबॉल विश्वचषकाचा उद्घाटनाचा सामना आणि उपांत्यपूर्व फेरीपासून पुढचे सामने दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यावे लागतात. मात्र 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की हा सिग्नल दूरदर्शनने स्वतःच्या प्रक्षेपणावर आणि फ्री डिश या आपल्या मोफत डिश सेवेवर दाखवायचा, केबलवरून पुढे पाठवायचा नाही. लोकांना हे माहीत नसतं. सामना सुरू झाला की मला फोन येतात, "काकू, फुकटचं दूरदर्शनही तुम्ही अडवून ठेवलंत?" ज्याच्या घरी केबल आहे त्याने दूरदर्शनचा सामना बघण्यासाठी गच्चीवर वेगळी छत्री लावायची, हे मी कोणत्या तोंडाने सांगू? 2018 मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने कायदा बदलण्याचा मसुदा काढून सूचनाही मागवल्या होत्या. तो पुढे सरकला नाही. तो मसुदा पुन्हा हाती घ्यावा आणि ॲपचा मुद्दा त्यातच घालावा, अशा अर्थाचं पत्र मी आमच्या खासदारांच्या कार्यालयात दिलं आहे. त्याची प्रत सोबत जोडते.

आपली,
एक केबलचालक वाचक
रामबाग, इंदूर