सेक्रेटरी पुण्यात, मेन स्विच कुलपात

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात पान ३ वर मीटररूमच्या आगीची बातमी वाचली. कारण नेहमीचंच, 'शॉर्टसर्किट'. ४० वर्षं वायरमनकी केलेल्या माणसाला हा शब्द वाचून आता हसूही येत नाही. शॉर्ट झाला की फ्यूज उडतो आणि विषय तिथेच संपतो. तो का उडाला नाही, एवढं तरी आपल्या बातमीदारांनी विचारायचं होतं.

ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, त्या आठवड्यातली गोष्ट. आमच्या पार्किंगमध्ये घोटाभर पाणी आलं. मीटररूम जिन्याखाली, तिला कुलूप, किल्ली सेक्रेटरींकडे आणि सेक्रेटरी पुण्याला लेकीकडे. कुलूप फोडलं तर आत गणपतीच्या मांडवाचे बांबू, डिस्टेंपरचे डबे, कुणाची तरी मोडकी सायकल, आणि या सगळ्याच्या मागे भिंतीवर मेन स्विच. पाण्यात उभं राहून लोखंडी पेटीला हात घालायला मी काही वेडा नाही. फोनाफोनी करून डीपीवरून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरजवळच्या पेटीवरून, लाइट बंद करून घ्यायला सव्वा तास गेला. तोवर पाणी पोटरीला लागलेलं, आणि चौथ्या मजल्यावरून विचारणा, "काका, लिफ्ट चालू राहील ना?"

पूर ओसरल्यावर पेटी उघडली. ग्रिपमध्ये, म्हणजे फ्यूज बसवायच्या चिनी मातीच्या खटक्यात, फ्यूजवायरच्या जागी तांब्याची तीनपेडी तार! ती कसली उडतेय? शिवाय न्यूट्रललाही, म्हणजे वीज परत नेणाऱ्या तारेलाही, वेगळा फ्यूज. तो गेला की दिवे विझतात, माणसाला वाटतं लाइट गेली, आणि वीज आणणारा फेज मात्र सॉकेटमध्ये तसाच जिवंत. न्यूट्रलमध्ये असा फ्यूज घालायचा नाही, हे १९५६ च्या भारतीय वीज नियमांत होतं. पुरवठा जिथून सुरू होतो त्याच्या जवळात जवळ मेन स्विच हवा आणि ग्राहकाला तो सहज बंद करता यायला हवा, हेही त्यातच. ते नियम गेले, केंद्रीय वीज प्राधिकरणाचे २०१० चे विनियम आले, ते जाऊन २०२३ चे आले. आमच्याकडे 'सहज' म्हणजे सायकल हलवून, बांबू ओलांडून, पुण्याहून किल्ली मागवून.

वीज कंपनीला विचारावं तर उत्तर ठरलेलं: मीटरपर्यंत आमचं, पुढचं तुमचं. सोसायटीच्या सभेत मी मीटररूम रिकामी करायचा विषय काढला, तर बांबू कुठे ठेवायचे यावरच पाऊण तास गेला. पुरानंतर मीटर तेवढे वर चढवले. मेन स्विच होता तिथेच आहे, कारण त्याचं एस्टिमेट 'जरा जास्त' आलं. त्याच महिन्यात गेटला स्टीलची अक्षरं बसली.

जाता जाता. कोपऱ्यावरच्या फीडर पिलरला, म्हणजे रस्त्याकडेच्या विजेच्या पेटीला, दार नाही, असं पत्र मी गेल्या पावसाळ्यात पाठवलं होतं. आपण छापलंत, आभारी आहे. पण निम्मं कापलंत, आणि 'फीडर'चं 'फिल्टर' केलंत. दोन दिवसांनी पाणीपुरवठ्याचा माणूस चौकशीला आला. त्याला मी चहा पाजून परत पाठवला. दार अजून बसलेलं नाही. सध्या त्यावर फ्लेक्सचा तुकडा बांधलाय, कुणाच्या तरी वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छांचा.

— एक निवृत्त वायरमन, सांगली