‘मला खात्री नाही’ म्हणणारे डॉक्टर

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या अंकात ठामपणाचे गुण गाताना लेखकांनी गीतेच्या चौथ्या अध्यायातला ‘संशयात्मा विनश्यति’ (संशयी माणसाचा नाश होतो) एवढाच तुकडा उचलून शंका घेणाऱ्यांना दुबळे ठरवले आहे. त्याच अध्यायात सहा श्लोक आधी, ज्ञान कसे मिळवावे हे सांगताना, ‘परिप्रश्नेन’, म्हणजे प्रश्न विचारून, हा शब्द आलेला आहे. तो त्यांनी वाचायला हवा होता.

माझ्या वडिलांना जठराचा अल्सर होता. काळजी करण्याच्या स्वभावामुळे आम्ल वाढते, तेव्हा स्वभाव बदला, असे त्यांना अकरा वर्षे सांगितले गेले. सांगणारे डॉक्टर अनुभवी आणि सज्जन होते व त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती; आमच्याही नव्हती. रात्री दोन वाजता पोटाशी उशी घट्ट धरून पलंगाच्या कडेला वाकून बसलेले वडील आणि शेजारी औषधाच्या बाटलीचे, आत पांढरा थर वाळलेले टोपण माझ्या डोळ्यांपुढून अजून हलत नाही. दुखणे आपल्याच स्वभावाचा दोष आहे असे मानून ते घरात ओशाळल्यासारखे वावरत, हे तर फारच जिव्हारी लागते.

पुढे एका तरुण डॉक्टरांनी सगळी फाइल शांतपणे चाळली आणि त्या म्हणाल्या, ‘‘मला खात्री नाही. दुर्बिणीतून पाहू आणि तुकडा तपासायला पाठवू.’’ तपासणीत हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू निघाला आणि दोन आठवड्यांच्या प्रतिजैविकांनी वडील बरे झाले. जठरातल्या आम्लात जिवाणू तग धरूच शकत नाहीत, ही वैद्यकातील समजूत एके काळी इतकी पक्की होती की ती खोडून काढण्यासाठी बॅरी मार्शल या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी १९८४ मध्ये त्या जिवाणूंचे द्रावण स्वतः पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला. त्यांना आणि त्यांचे सहकारी रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळाले ते २००५ मध्ये.

शंका घेणारा माणूस निर्णय घेऊ शकत नाही, हे लेखातील विधान म्हणूनच मला मान्य नाही. त्या डॉक्टरांनी निर्णय पहिल्याच भेटीत घेतला, फक्त आपले चुकत असेल तर ते कळेल अशी सोय ठेवून घेतला.

जाता जाता एक तक्रार. माझे मागील पत्र छापताना आपण ‘बहुधा’ आणि ‘माझ्या माहितीप्रमाणे’ हे शब्द गाळलेत, त्यामुळे मला जेवढे ठाऊक होते त्याहून अधिक ठामपणे मी बोललो असे झाले. जागेची अडचण मी समजू शकतो. हे पत्र कापावे लागलेच तर माझे कोणतेही वाक्य कापावे, परंतु त्या डॉक्टरांचे ‘मला खात्री नाही’ तसेच राहू द्यावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक