फ्रिज वर ठेवू की खाली?

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

फिलिपीन्सच्या पुरावरचं आपलं स्फुट बहिणीने फोनवर पाठवलं. मी २०१२ पासून मनिलाला लागून असलेल्या मारिकिना शहरात राहते, बुटांच्या एका छोट्या कारखान्यात हिशेब लिहिते. मारिकिना ही या देशाची बुटांची राजधानी. तेव्हा माझं ज्ञान चामडं, खिळे आणि उधारी यांच्यापुरतंच, हवामानशास्त्राचा माझा काही अभ्यास नाही. तरी दोन गोष्टी खटकल्या, त्या कळवते.

पहिली किरकोळ आहे. ‘टिनो आणि काल्मेगी या दोन वादळांनी’ असं छापून आलंय. वादळ एकच होतं, ४ नोव्हेंबर २०२५ ला सेबू बेटाला बुडवून गेलं ते. जगासाठी त्याचं नाव काल्मेगी, इथल्यांसाठी टिनो. वादळ या देशाच्या हद्दीत शिरलं की इथलं हवामान खातं त्याचं आपल्या यादीतलं नाव ठेवतं, म्हणजे खेड्यातल्या म्हातारीलाही ते उच्चारता यावं. वर्षाला सरासरी वीस वादळं या हद्दीत येतात, त्यामुळे यादी लांबच लांब. एखाद्याने तीनशेच्या वर बळी घेतले किंवा शंभर कोटी पेसोंचं नुकसान केलं तर ते नाव कायमचं बाद. योलांडा नावाचं वादळ आता पुन्हा कधी येणार नाही. आणि या खात्याच्या नावाची आद्याक्षरं जोडली की ‘पगासा’ होतं, टागालोग भाषेत त्याचा अर्थ आशा. हे मला आजही थोडं गमतीचं वाटतं.

दुसरी गोष्ट मात्र मनाला लागली. ‘तिथल्या लोकांना आता याची सवयच झाली आहे, हसतमुखाने ते सारं झेलतात’ असं आपण लिहिलंत. कौतुकानेच लिहिलं असणार. इथले पुढारीही हेच म्हणतात, म्हणून तर राग येतो.

सवय एका गोष्टीची होते. पाऊस असेल तर पावसाची, थंडी असेल तर थंडीची. इथे पूर एक सांगतो, भूकंप त्याच्या बरोबर उलटं सांगतो. माझ्याच घरातलं सांगते.

नोव्हेंबर २०२० मध्ये, ११ तारखेच्या रात्री युलिसिस वादळ आलं. मारिकिना नदीची पातळी सान्तो निन्यो पुलापाशी मोजतात आणि आम्ही ती फोनवर, क्रिकेटचा स्कोअर बघावा तशी बघत बसतो. १५ मीटरला पहिला भोंगा, तयारीला लागा. १६ ला दुसरा, निघा. १८ ला तिसरा, मग हाताला धरून बाहेर काढतात. त्या रात्री ते आकडे इतक्या भराभर चढले, की तांदळाचा डबा वर ठेवून मी पुन्हा फोन बघितला तेवढ्यात मधला एक आकडा सुटूनच गेला. पाणी २२ मीटरला गेलं. २००९ च्या ओंदोय वादळात ते साडेएकवीसला गेलं होतं आणि त्याच्यावर काही असू शकतं असं गल्लीत कुणाला वाटत नव्हतं.

आमची गल्ली जरा उंचावर आहे, पण त्याही घरात छातीभर पाणी आलं. फ्रिज आधी तरंगला, मग आडवा झाला आणि दार उघडून त्यातलं सगळं बाहेर आलं. गॅसची टाकीही तरंगते, हे मला तोवर माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेलो तर बुटांचे लाकडी फर्मे, काही डावे काही उजवे, चिखलात रुतून वर आलेले. जणू पुष्कळ माणसं जमिनीखाली उलटी चालत गेली असावीत. तो चिखल तर विचारू नका. साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत, फावड्याला चिकटला की सुटत नाही, आणि वास महिनाभर जात नाही. ते कोविडचे दिवस. एका शाळेत शेकडो माणसं आणि अंतर ठेवा म्हणणारा फलक.

त्यानंतर आम्ही शहाणे झालो. जड सामान सगळं वरच्या मजल्यावर नेलं. फ्रिज वर, लोखंडी कपाट वर, कपाटावर कारखान्याच्या जुन्या वह्यांनी भरलेल्या बुटांच्या पेट्या. गल्लीत सगळ्यांनी हेच केलं.

मग २७ जुलै २०२२. सकाळी पावणेनऊच्या सुमाराला उत्तरेकडे आब्रा प्रांतात ७.० चा भूकंप झाला. तो आमच्यापासून कितीतरी दूर. आमच्याकडे नुसते झोके आले, पण त्या झोक्यांनी कपाटावरच्या पेट्या सरकून माझ्या मुलीच्या उशीवर पडल्या. ती न्हाणीघरात होती. वह्या फक्त कागदाच्या, पण त्यांच्याखालचं कपाट कागदाचं नाही.

भूकंपवाले काय सांगतात? जड वस्तू खाली ठेवा, डोक्याच्या वर काही नको. पूरवाले काय सांगतात? जड वस्तू वर न्या, खाली काही नको. दोघंही बरोबर. मारिकिना नदीकाठी तर आहेच, शिवाय याच शहरातून वेस्ट व्हॅली भ्रंश जातो, म्हणजे जमिनीतली भूकंपाची भेग. तो शेवटचा हलला १६५८ मध्ये. पुन्हा हलला तर ७.२ पर्यंतचा धक्का बसेल असं सांगतात. लोक त्याला नाव घेऊन बोलावतात, ‘द बिग वन’, जणू परदेशी गेलेला थोरला मुलगा. २०१५ मध्ये त्या भ्रंशाचे नकाशे छापून निघाले, तेव्हा लोक गल्लीच्या नकाशावर बोट फिरवत आपलं घर शोधत होते.

छपराचंही तेच. वादळाला छप्पर जड आणि घट्ट हवं, उडून जाऊ नये म्हणून. भूकंपाला हलकं हवं, अंगावर पडलं तर जगता यावं म्हणून. आणि ज्वालामुखीच्या राखेला?

त्याचं उत्तर आमची घरमालकीण देते. आम्ही तिला लोला म्हणतो, म्हणजे आजी. ती पाम्पांगा प्रांतातल्या बाकोलोर गावची. १५ जून १९९१ ला पिनातुबो ज्वालामुखी फुटला त्याच दिवशी तिथे वादळही आलं. नुसती राख पडली असती तर छपरं तगली असती, म्हणते. पावसाने राख भिजली, ओल्या सिमेंटसारखी जड झाली आणि घरं डोक्यावर बसली. त्या दिवशी मेले त्यातले बहुतेक छपराखाली मेले. पुढे वर्षानुवर्षं प्रत्येक पावसाळ्यात डोंगरावरची ती राख चिखल होऊन खाली येत राहिली. त्याला लाहार म्हणतात. १९९५ मध्ये बाकोलोरचं सान गिलेर्मो चर्च अर्धं गाडलं गेलं. आजही ते तसंच वापरात आहे. लोला तिथून पळाली आणि घर घेतलं ते मारिकिनात, नदीपाशी, भ्रंशाच्या शेजारी. ‘स्वस्त होतं’ एवढंच सांगते.

१२ जानेवारी २०२० ला ताल ज्वालामुखी फुटला. रविवार होता. राख मनिलापर्यंत आली, विमानतळ बंद, दुकानांतले मास्क संपले. आमच्या गाडीच्या काचेवर करड्या पिठासारखा थर बसला. शेजारच्या पोराने छपरावर पाण्याचा पाइप मारायला घेतला तर लोला काठी घेऊन धावली. कोरडी झाडायची, पाणी मारायचं नाही. वीस घरांना त्या दिवशी तिने शिकवलं, एका सरकारी पत्रकाशिवाय. याला सवय म्हणायचं असेल तर म्हणा. तिची एक अख्खी वाडी त्या शिक्षणात गेली.

शब्दांचंही एक सांगते, कारण आपण वर्तमानपत्रवाले. ८ नोव्हेंबर २०१३ ला योलांडा ताक्लोबान शहरावर आलं, तेव्हा सूचना वेळेवर मिळाली होती. तिच्यात ‘स्टॉर्म सर्ज’ असा इंग्रजी शब्द होता. वारा येणार म्हणून लोक दारं-खिडक्या ठोकून घरात बसले. समुद्र पाच-सहा मीटर उंच होऊन आत आला. वाचलेले लोक नंतर सांगत होते, सुनामी म्हणाला असतात तर टेकडीवर पळालो असतो. सहा हजारांवर माणसं गेली. आता सूचनेत ‘डालुयोंग’ हा देशी शब्द असतो आणि पाणी अमुक मीटर उंच येईल असंही सांगतात. शब्द बदलायला एवढी माणसं लागली.

म्हणजे इथे काहीच होत नाही असं नाही. कायदा आहे, २०१० चा. स्थानिक सरकारांनी उत्पन्नातला पाच टक्के पैसा आपत्तीसाठी बाजूला ठेवायचा. फोनवर सक्तीचा इशारा येतो, त्याचा तो किंचाळणारा आवाज ऐकला की अख्खी जीपनी, म्हणजे इथली छोटी बस, एकदम खिशात हात घालते. दर तीन महिन्यांनी देशभर एकाच वेळी भूकंपाची कवायत होते. कारखान्यातले साठीचे कारागीरसुद्धा टेबलाखाली शिरतात, थोडे हसतात, गुडघे धरून बाहेर येतात. हसतमुख म्हणालात ना, तर हसतात ते तिथे.

पण नदीची भिंत हसण्याने उभी राहत नाही. २०२५ मध्ये पूरनियंत्रणाच्या कामांतला घोटाळा बाहेर आला. कागदावर पूर्ण झालेल्या भिंती जागेवर नाहीतच. २१ सप्टेंबरला मनिलाच्या रस्त्यांवर हजारो लोक उतरले होते, मीही होते, पायात आमच्याच कारखान्याचे बूट. नंतर ३० सप्टेंबरच्या रात्री सेबूच्या उत्तरेला ६.९ चा भूकंप. घरांच्या भेगा घाबरवत होत्या म्हणून लोक तंबूत राहायला गेले. पाच आठवड्यांनी त्याच बेटावर टिनो. भूकंपाने सांगितलं घराबाहेर राहा, वादळाने सांगितलं घरात जा. त्या माणसाने काय करायचं, ते आपल्या स्फुटात मला सापडलं नाही.

लोलाने खालच्या खोलीच्या भिंतीवर पेन्सिलीने रेघा मारून ठेवल्यात. ओंदोय, तिच्यावर बोटभर युलिसिस. भिंत रंगवायला आलेल्याला तेवढा पट्टा सोडायला लावते.

आमच्यापुरता तोडगा असा निघाला. कपाट वरच, पण लोखंडी पट्टीने भिंतीला आवळलेलं. भिंत पोकळ ब्लॉकची, तेव्हा मिस्त्री म्हणाला, पट्टी धरेल, भिंतीचं देव जाणे. वह्या खाली आणल्या, प्लास्टिकच्या बंद डब्यात. फ्रिज मात्र अजून जिन्याच्या मधल्या वळणावर उभा आहे. वायर कशीबशी पोहोचते. येणारा-जाणारा त्याला वळसा घालून जातो.

आपली,
एक वाचक
मारिकिना, फिलिपीन्स