भो, तुझा मेसेज वाचला

प्रिय भूषण,

कसा शेस भो? तुझा एवढा मोठा मेसेज नाईट ड्युटीत वाचला, पण वॉर्डात दर पाच मिनिटाला कोणी ना कोणी हाक मारत होतं, म्हणून आता धुळ्याच्या रूमवर येऊन निवांत लिहितोय.

तू लिहितोस, तिथं पुण्याला एएफएमसीत, फौजेच्या मेडिकल कॉलेजात, पहाटे फॉल-इनच्या, म्हणजे रांगेतल्या हजेरीच्या, आधीच जाग येते, छातीत धडधडतं, डिसेक्शन हॉलमध्ये उभा असतो पण डोक्यात काही शिरत नाही, अन वरून लिहितोस "सगळ्यांनाच होतं रे". हे मला नाही पटत. फर्स्ट इयर आम्हालाही जडच गेलं, ॲनाटॉमी फिजिओ बायोकेम तिन्ही एकदम, पण आम्ही रात्र जागलो तर सकाळी लोळत पडायचो, तुला दीड वाजेपर्यंत वाचून अंधारातच पीटीला उभं राहायचंय, मग ड्रिल, मग दिवसभर लेक्चर, संध्याकाळी बूट चमकवायचे अन सीनियरची बोलणी खायची. झोप तुटली की पाठांतर टिकत नाही, मार्क पडतात, मग अजून जागरण. याच्यात भलाभला ढेपाळतो.

त्यात गावाचं ओझं. चोपड्याच्या स्टँडवर तुझा फेटा बांधलेला बॅनर, खाली "भावी कॅप्टन", पावसात एक कोपरा फाटला तर अण्णांनी स्वतः सुतळीनं बांधला. म्हणूनच तू घरी फक्त "मेस भारी आहे" एवढंच बोलतो ना? काकूंना पण आवाजावरून कळतं बरं. अन सोडून यायचं म्हटलं तर बाँडचे पैसे भरायचे, म्हणजे शेतच विकायला काढावं लागेल, हे तुझ्या डोक्यात रात्रंदिवस फिरत असणार.

पण खरी भीती तू शेवटच्या ओळीत लिहिली, सायकियाट्रीला गेलो तर मेडिकल कॅटेगरी, म्हणजे फौजेतला फिटनेसचा दर्जा, जाईल. हा दर्जा ठरवायच्या फौजेच्या 'शेप' (SHAPE) पद्धतीतला पहिला एस मनाचाच आहे हे मला माहितीये, त्यामुळे तुझी भीती खोटी म्हणणार नाही. मला राग याचाच येतो की उद्या जवानांना तपासणारी पोरंच आज लपवायला शिकतात. पण सर्व्हिसमध्ये कॅटेगरी खाली आली तरी बरेचदा ती टेम्पररी असते, पुन्हा मेडिकल बोर्डाची तपासणी होते, बरा झालेला माणूस वर येतो. अंगावर काढलेलं मात्र वाढतंच. माझी सायकियाट्री पोस्टिंग नुकतीच झाली, तिथं एक पोरगा बसलेला, दोन्ही हात मांडीखाली दाबून, म्हणजे थरथर दिसू नये. लवकर आलेले पेशंट कसे सुधारतात हे डोळ्यांनी बघितलंय, फक्त गोळी लागू पडायला काही आठवडे जातात, तेवढा धीर धरावा लागतो. दोन आठवड्यांच्या वर उदास वाटतंय, कशात मन लागत नाही, तर ते दाखवायचंच, तुझ्या पुस्तकात पण हेच येणारे पुढे.

लगेच डॉक्टरसमोर बसायची हिंमत नसेल तर 14416 लाव. टेली-मानस आहे, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. फौजेतल्या लोकांसाठी त्याचा वेगळा सेल 2023 मध्ये पुण्यात एएफएमसीतच सुरू झाला. अन जीव द्यावा असा विचार मनात एकदा जरी आला असेल, तर रात्रीचे तीन असोत, रूममेटला उठव अन मला लाव. मी विचारतोय तेव्हा खरं सांग, येतो का तसा विचार?

रविवारी लिबर्टीला, म्हणजे बाहेर जायच्या सुट्टीला, पडलास की आधी मला फोन कर, अण्णांशी कसं बोलायचं ते आपण मिळून ठरवू. पुढच्या सुट्टीत मी पुण्याला येतोच आहे, तुझ्यासोबत डॉक्टरकडे बसेन.

तुझाच,
पंकज