पत्रे ही खासगी आठवण नव्हे

आपल्या रविवार पुरवणीतील भूशास्त्राच्या इतिहासावरील लेख आवडला. मात्र एकोणिसाव्या शतकातील शास्त्रज्ञांच्या पत्रांना त्यात केवळ ‘खासगी आठवणी’ म्हटले आहे, ते पटले नाही. युलियस हास्ट आणि फर्डिनांड होखश्टेटर या भूशास्त्रज्ञांचेच पाहा. डिसेंबर १८५८ मध्ये ऑकलंडला दोघांची गाठ पडली. काही महिने त्यांनी न्यूझीलंडचा मुलूख एकत्र पालथा घातला आणि १८५९ मध्ये होखश्टेटर परतीला निघाले. पुढचा संबंध मुख्यतः पत्रांचा. टपाल जहाजाने जाई, उत्तर यायला कित्येक महिने लागत. तरी १८८४ मध्ये होखश्टेटर वारले तोपर्यंत तो टिकला. हास्ट यांनी क्राइस्टचर्चला संग्रहालय उभारले, तेही अशाच पत्रव्यवहाराच्या बळावर: मोआ या नामशेष पक्ष्याची हाडे परदेशी पाठवायची आणि बदल्यात तिकडचे नमुने मिळवायचे. छापील निबंधात निष्कर्ष तेवढे उरतात. शंका, चुका आणि दुरुस्त्या पत्रांतच सापडतात. हास्ट घराण्याची कागदपत्रे आज वेलिंग्टनच्या ग्रंथालयात जपलेली आहेत. लेखमालेच्या पुढील भागात अशा पत्रांना स्वतंत्र जागा द्यावी, ही विनंती.

– एक वाचक, पुणे