सिम्युलेशनमधली खिडकी आणि भिंतीतली खिडकी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नव्या इमारतींच्या माहितीपत्रकांत संगणकीय सिम्युलेशनच्या आधारे वीजबचतीचे दावे आता सर्रास छापले जातात. अशी सिम्युलेशने करणे आणि इतरांनी केलेली तपासणे हा माझा व्यवसाय असल्याने, त्यातला सर्वांत कच्चा दुवा जी खिडकी, तिच्याविषयी थोडे लिहितो.

एनर्जीप्लससारख्या, इमारतीच्या वीजवापराचा हिशेब मांडणाऱ्या संगणक-प्रणालीत खिडकीची माहिती दोन प्रकारे भरता येते. काचेचा प्रत्येक थर, मधली पोकळी, लेप आणि चौकट वेगवेगळी सांगता येते. किंवा उष्णतावहनाचा यू-आकडा (तो जितका कमी, तितकी तापमानातील फरकामुळे कमी उष्णता आत येते), सौर उष्णता गुणांक (उन्हातली किती उष्णता आत येते त्याचे प्रमाण) आणि आत येणाऱ्या प्रकाशाचे प्रमाण हे तीनच आकडे देऊन मोकळे होता येते. दुसऱ्या प्रकारात प्रणाली त्या आकड्यांवरून एक काल्पनिक एकथरी काच रचते आणि तिरपे ऊन किती आत येईल हेही अंदाजानेच ठरवते. सुरुवातीच्या आराखड्याला एवढे पुरते. मात्र हे आकडे बहुधा काचेच्या पत्रकातून, म्हणजे केवळ काचेच्या मध्यभागाचे, उचलले जातात आणि चौकटीसकट संपूर्ण खिडकीला लावले जातात. मी तपासलेल्या एका कार्यालयीन इमारतीच्या अहवालात खिडकीचा यू-आकडा १.६ होता, प्रत्यक्षात चौकट साध्या ॲल्युमिनियमची होती. तिचा वाटा एक पंचमांश धरला, तरी संपूर्ण खिडकीचा आकडा अडीचच्या आसपास जातो. (चौकटीतून ऊन आरपार येत नाही, त्यामुळे सौर गुणांकाची चूक उलट दिशेने होते, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे.)

त्यातही आपल्याकडे यू-आकड्याचे जेवढे कौतुक होते, तेवढे त्याचे महत्त्व नाही. पश्चिमेच्या दोन चौरस मीटर खिडकीवर दुपारी दर चौरस मीटरला ५०० वॅट ऊन पडते आणि बाहेर ३६, आत २६ अंश तापमान आहे असे धरू. साध्या एकेरी काचेतून तापमानातील फरकामुळे साधारण ११५ वॅट उष्णता आत येते, तर उन्हामुळे सुमारे ८०० वॅट. साधी दुहेरी काच बसवल्यास हे आकडे अनुक्रमे ५५ आणि ७०० च्या आसपास उतरतात. याउलट बाहेरच्या बाजूने चिक सोडला, तर उन्हाचा मोठा भाग काचेपर्यंत पोहोचतच नाही. आतल्या पडद्याला ते साधत नाही, कारण तोवर उष्णता घरात आलेली असते. कलत्या उन्हाला पश्चिमेचा आडवा छज्जाही फारसा अडवू शकत नाही. उत्तरेच्या खिडकीवर ऊन येतच नाही, हा समज तर थंड देशांच्या पुस्तकांतून आलेला. मुंबई-पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो आणि सकाळ-संध्याकाळ तो त्या खिडक्यांत थेट डोकावतो. प्रणालीला हे सारे कळते, पण छज्जा, चिक आणि शेजारची इमारत तिला कोणी सांगितली तरच.

निवासी इमारतींसाठीच्या २०१८ च्या इको-निवास संहितेत दिशा आणि छज्जा या दोहोंचा हिशेब धरलेला आहे, ही समाधानाची बाब. माझी सूचना त्याच्या पुढची आहे. सिम्युलेशनच्या आधारे परवानगी किंवा मानांकन देणाऱ्या यंत्रणांनी प्रत्येक अहवालासोबत खिडक्यांचा तक्ता मागवावा. त्यातले आकडे काचेचे की संपूर्ण खिडकीचे, बाहेरची सावली कोणती धरली, हे त्यात स्पष्ट असावे. निविदेनंतर स्वस्त काच बसवली जाते आणि अहवाल तसाच राहतो, हा प्रकार मी एकाहून अधिक वेळा पाहिला आहे. म्हणून भोगवटा प्रमाणपत्रापूर्वी, प्रत्यक्ष बसवलेल्या खिडक्यांचे आकडे घालून तेच सिम्युलेशन पुन्हा चालवण्याची अट असावी. इमारतीचे मूळ संगणकीय प्रतिमान तयार असेल, तर हे फार तर एक-दोन दिवसांचे काम आहे.

आपला,
एक ऊर्जा-सल्लागार, पुणे